चेहऱ्यात भरलेली चरबी: बिघडलेल्या परिणामांची दुरुस्ती कुठवर आली?

पोटाची किंवा मांडीची चरबी बारीक नळीने काढायची, स्वच्छ करायची आणि बसलेल्या गालात, कानशिलात किंवा डोळ्यांखालच्या खळग्यात भरायची, ही शस्त्रक्रिया मोठ्या शहरांतल्या प्लास्टिक सर्जनांच्या नित्याच्या कामाचा भाग झाली आहे. चरबी स्वतःचीच असते. त्यामुळे शरीर ती नाकारत नाही, आणि एकदा रुजली की ती वर्षानुवर्षे टिकते. या शस्त्रक्रियेचे मोठे आकर्षण तेच, आणि परिणाम मनासारखा आला नाही तर खरी अडचणही तीच. हायल्युरॉनिक ॲसिडचा फिलर, म्हणजे टोचून भरायचा जेल, नकोसा झाला तर हायल्युरोनिडेज हे विकर टोचून तो विरघळवता येतो. चरबीवर असा उतारा नाही. रुजलेल्या चरबीत रक्तवाहिन्या शिरतात आणि ती चेहऱ्याचाच भाग होते. मग ती कमी कशी करायची, कमी पडली असेल तर पुन्हा कधी भरायची, गाठ झाली तर टोचायचे की कापायचे? या प्रश्नांवर गेल्या दोन-तीन दशकांत बरेच लिहिले गेले आहे. त्यातले काय ठरले आणि काय अजून वादात आहे, ते या लेखात पाहू.

पार्श्वभूमी

चेहऱ्यातला खड्डा चरबीने भरण्याचा पहिला नोंदलेला प्रयोग १८९३ सालचा. गुस्ताव नॉयबर या जर्मन सर्जनने दंडातली चरबी काढून चेहऱ्यावरचा खोलगट व्रण भरला. चरबीचे तुकडे लहान असले तरच निकाल बरा येतो, हे तेव्हाच लक्षात आले होते. विसाव्या शतकाच्या मध्यात लिंडन पीअर या अमेरिकन सर्जनने रोपण केलेल्या चरबीचे वजन काही काळाने पुन्हा मोजले. वर्षभरात तिचे वजन साधारण निम्म्यावर येते, असे त्यांना दिसले. ‘किती टिकेल’ या प्रश्नाने तेव्हापासून या क्षेत्राची पाठ सोडलेली नाही.

१९७०च्या दशकात लायपोसक्शन, म्हणजे नळीने चरबी ओढून काढण्याची पद्धत, आले. इटलीचे जॉर्जिओ फिशर आणि फ्रान्सचे इव्ह-जेरार इल्यूझ यांनी ते रुळवले, आणि काढलेली चरबी फेकून देण्याऐवजी पुन्हा टोचण्याची कल्पना जोर धरू लागली. सुरुवातीचे निकाल बेभरवशाचे होते. १९९०च्या दशकात न्यूयॉर्कच्या सिडनी कोलमन यांनी कामाला शिस्त लावली. चरबी हळुवार ओढायची, सेंट्रिफ्यूजमध्ये मिनिटाला ३,००० फेऱ्यांनी ३ मिनिटे फिरवायची, आणि बोथट टोकाच्या कॅन्युलाने (बारीक नळीने) अनेक बोगद्यांतून कणाकणाने सोडायची. एका ओढीत मिलिलिटरचा दहावा भाग, पापणीजवळ त्याहूनही कमी. या पद्धतीवर पुढे मतभेद झाले, तरी ‘थोडे थोडे आणि पसरून’ हे तत्त्व आज सर्वमान्य आहे.

त्यामागचे कारण टोकियो विद्यापीठात योशिमुरा आणि सहकाऱ्यांनी २०१२च्या सुमारास प्रसिद्ध केलेल्या संशोधनातून अधिक स्पष्ट झाले. चरबीचा कण शरीरात सोडला की त्याच्या कडेचा, मिलिमीटरच्या सुमारे तिसऱ्या हिश्श्याइतका पातळ थरच मूळ पेशींसह जगतो. त्याच्या आतल्या पट्ट्यात चरबीच्या पेशी मरतात, पण मूलपेशी तग धरतात आणि नवी चरबी घडवतात. अगदी मधल्या भागात सगळेच मरते. तिथे तेल साचते किंवा व्रण धरतो. भाताची रोपे मूठभर एकाच खड्ड्यात खोचली तर कडेची जगतात आणि मधली कुजतात, तसाच हा प्रकार. दुरुस्तीसाठी येणाऱ्या बऱ्याच गाठींचे मूळ या मधल्या भागात असते.

भरण्याची लाट आणि तिची ओहोटी

दुरुस्तीची गरज एवढी का वाढली, हे समजायला आणखी एक वाद माहीत हवा. चेहरा म्हातारा होतो तो त्वचा आणि स्नायू ओघळल्यामुळे की आतली चरबी आटल्यामुळे? ओघळण्यावर भर देणाऱ्यांनी वर्षानुवर्षे त्वचा ताणून बसवली. २००७ साली रॉड रोरिक आणि जोएल पेसा यांनी चेहऱ्याची चरबी एकसंध नसून वेगवेगळ्या कप्प्यांत विभागलेली असते, हे शवविच्छेदनातून दाखवले. त्याच वर्षी व्हॅल लॅम्ब्रोस यांनी त्याच माणसांची जुनी आणि नवी छायाचित्रे एकमेकांवर ठेवून तपासली. पापणी आणि गालाची सीमा वाटते तितकी खाली घसरत नाही, असे त्यांनी मांडले. ‘आटणे’ मानणाऱ्यांचे पारडे जड झाले आणि चेहरे भरण्याची लाट आली. पुढे काही चेहरे इतके भरले गेले की वय लपण्याऐवजी चेहराच सुजल्यासारखा दिसू लागला. आज बहुतेक सर्जन दोन्ही कारणे खरी मानतात आणि गरजेप्रमाणे ताणणे व भरणे यांची सांगड घालतात. मात्र प्रमाण किती असावे, यावर एकमत नाही.

आधी निदान: नेमके बिघडले काय?

‘परिणाम आवडला नाही’ या एका तक्रारीखाली निरनिराळ्या गोष्टी येतात. ढोबळ मानाने त्यांचे पाच गट पाडता येतील: चरबी कमी पडली, जास्त झाली, दोन बाजू सारख्या दिसत नाहीत, गाठी किंवा उंचवटे राहिले, आणि मुळात चरबीने सुटणारा प्रश्नच नव्हता.

शेवटचा गट भारतीय त्वचेच्या संदर्भात विशेष महत्त्वाचा आहे. डोळ्यांखालच्या काळ्या वर्तुळांसाठी अनेक जण चरबी भरून घेतात. वर्तुळ खळग्याच्या सावलीमुळे असेल तर फायदा होतो. त्वचेतल्या रंगद्रव्यामुळे असेल तर खळगा भरला तरी काळेपणा राहतो. हे ओळखण्याची साधी खूण आहे. माणसाला खिडकीसमोर उभे करून चेहऱ्यावर समोरून उजेड पाडला की सावली पुसली जाते. रंग मात्र तसाच राहतो. अशा माणसाला आणखी चरबी भरणे हा दुरुस्तीचा मार्ग असू शकत नाही.

खालच्या पापणीवरचा फुगवटाही असाच नीट पारखावा लागतो. रुग्णाला वर बघायला सांगितले की डोळ्याच्या खोबणीतली मूळ चरबी पुढे येते आणि फुगवटा वाढतो. भरलेली चरबी सहसा तशी हलत नाही. ती हसताना, स्नायू आवळला की, जास्त उठून दिसते. सकाळी जास्त आणि संध्याकाळी कमी असणारा फुगवटा बहुधा पाण्याचा असतो, आणि तिथे कॅन्युला घालून काही हाती लागत नाही. शंका असेल तर उच्च वारंवारितेची सोनोग्राफी उपयोगी पडते. तेलाची गाठ, घट्ट व्रण, कॅल्शियम साचलेला खडा आणि जिवंत चरबी तिच्यात बऱ्यापैकी वेगवेगळ्या दिसतात. पूर्वी कधी फिलर टोचून घेतला असेल आणि रुग्ण ते विसरला असेल, तर तोही दिसू शकतो.

शस्त्रक्रियेपूर्वीची छायाचित्रे हे या निदानातले दुर्लक्षित साधन आहे. दोन बाजूंतला फरक बऱ्याचदा आधीपासूनचा असतो. चेहरा भरल्यावर लोक आरशात अधिक बारकाईने पाहू लागतात आणि मग तो जाणवतो.

किती थांबायचे?

घाई करू नये, यावर जवळजवळ एकमत आहे. पहिल्या काही आठवड्यांतली सूज फसवी असते. तीन महिन्यांपर्यंत चरबीची मोडतोड आणि नवी जुळणी चालू असते. म्हणून पुन्हा चरबी भरायची असेल तर किमान तीन ते सहा महिने थांबावे, असे बहुतेक सर्जन सांगतात. जास्त झालेली चरबी काढायची असेल तर सहा महिने ते वर्ष थांबण्याकडे कल आहे, कारण तेलाच्या लहान गाठी या काळात आपोआप शोषल्या जाऊ शकतात.

मतभेद आहे तो अपवादांवर. काहींच्या मते पापणीवरची ठळक गाठ लवकर काढलेली बरी. उशीर झाला की व्रणाचे धागे चरबीला स्नायूशी जखडतात आणि काम अवघड होते. दुसऱ्या बाजूचे म्हणतात की लवकर हात घातला तर जी गाठ आपोआप विरली असती, तिच्यासाठी उगाच कापाकापी होते. दोन्ही बाजूंकडे स्वतःचा अनुभव आहे. दोन्ही मार्गांची समोरासमोर तुलना करणाऱ्या चाचण्या मात्र हाताशी नाहीत. संसर्गाची शंका आली तर थांबायचे नाही, एवढे निर्विवाद आहे.

कमी पडली तर

हा सर्वांत सोपा आणि सर्वाधिक अभ्यासलेला भाग. प्रकाशित अभ्यासांत टिकणाऱ्या चरबीचे प्रमाण २० ते ८० टक्के इतके वेगवेगळे आढळते. त्यामुळे पहिल्या वेळी कमी पडणे ही चूकच असते असे नाही. कमी पडेल हे गृहीत धरून आधीच जास्त भरावे का, हा जुना वाद. एक बाजू म्हणते, थोडी जादा भरली तर दुसरी शस्त्रक्रिया वाचते. दुसरी बाजू म्हणते, किती जाईल हे कुणालाच आधी सांगता येत नाही. मग जादा भरलेली सगळीच टिकली तर काय? चेहऱ्यापुरते तरी, आणि त्यातही पापणीसाठी, दुसऱ्या बाजूचे वजन अलीकडे वाढलेले दिसते. भर घालणे सोपे आणि काढणे अवघड, हा तिचा युक्तिवाद खोडणे कठीण आहे.

दुसऱ्या वेळी पुन्हा ताजी चरबी काढायची, की पहिल्या वेळी काढून गोठवून ठेवलेली वापरायची? गोठवल्याने रुग्णाचा त्रास आणि खर्च वाचतो. मात्र साध्या गोठवणीत बहुसंख्य पेशी मरतात, आणि साठवणीत निष्काळजीपणा झाला तर संसर्गाचा धोका वाढतो. त्यामुळे ताज्या चरबीकडेच ओढा आहे. उणीव अगदी थोडी असेल तर फिलर टोचून भागवावे, असेही अनेक सर्जन सुचवतात, कारण तो नको झाला तर विरघळवता येतो.

जास्त झाली तर

इथे पुराव्याची जमीन भुसभुशीत होते. मुख्य मार्ग तीन आहेत आणि प्रत्येकाचे पुरस्कर्ते वेगळे.

पहिला मार्ग ओढून काढण्याचा. मिलिमीटरभर जाडीच्या कॅन्युलाने गाल किंवा जबड्याच्या रेषेवरची जादा चरबी काढता येते. ऐकायला सरळ वाटते. प्रत्यक्षात रुजलेली चरबी पोटाच्या चरबीसारखी मोकळी नसते. ती व्रणाच्या जाळ्यात कणाकणाने अडकलेली असते. कॅन्युला मागेपुढे करताना हाताला करकर जाणवते आणि सिरिंजमध्ये अपेक्षेपेक्षा फार कमी येते. जोर लावला तर आजूबाजूची मूळ, मऊ चरबी आधी निघून येते आणि उंचवट्याशेजारी खड्डा पडतो. म्हणून काही सर्जन आधी बारीक धारेच्या सुईने व्रणाचे धागे तोडतात किंवा लेझरच्या उष्णतेने चरबी सैल करून घेतात. सावळ्या त्वचेत उष्णतेच्या साधनांनी डाग पडण्याची भीती असते, हे आपल्याकडे विसरून चालत नाही.

दुसरा मार्ग थेट कापून काढण्याचा. खालच्या पापणीतली चरबी पापणीच्या आतल्या बाजूने किंवा पापण्यांच्या केसांलगतच्या छेदातून डोळ्यांना दिसत असताना काढता येते. पापणीपुरता हा मार्ग सर्वांत भरवशाचा मानला जातो, कारण नेमके काय काढतो आहोत ते सर्जनला दिसते. जास्त काढली तर डोळा खोल जाणे आणि पापणी खाली ओढली जाणे हे धोके आहेत. गालाच्या मध्यभागी मात्र व्रण न उमटवता छेद घेण्याची सोय नाही.

तिसरा मार्ग विरघळवण्याचा. डिऑक्सिकोलिक ॲसिड पेशींची पटले फोडते. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०१५ साली त्याला मान्यता दिली ती हनुवटीखालच्या चरबीसाठी. भरलेल्या चरबीसाठी त्याचा वापर त्या मान्यतेबाहेरचा आहे. समर्थक म्हणतात, अगदी थोड्या मात्रेत, काही आठवड्यांच्या अंतराने टोचले तर लहान उंचवटे शस्त्रक्रियेशिवाय बसतात. विरोधकांचा आक्षेप असा की हे औषध भरलेली चरबी आणि मूळ चरबी यांत फरक करत नाही. ते चुकीच्या थरात गेले तर त्वचा झडू शकते आणि ओठ खाली ओढणाऱ्या मज्जातंतूला इजा होऊ शकते. प्रसिद्ध झालेले अनुभव मुख्यतः लहान रुग्णगटांचे आहेत.

याच्या जोडीला वजनाचा मुद्दा येतो. पोटातून आणलेली चरबी आपला स्वभाव बरोबर आणते. माणसाचे वजन वाढले की तीही फुगते. चेहरा जड झाल्याची तक्रार शस्त्रक्रियेनंतर काही वर्षांनी आली, तर आधी वजनाचा काटा पाहावा लागतो. वजन कमी करणाऱ्या इंजेक्शनांचा वापर वाढल्यापासून उलट प्रश्नही समोर आला आहे: घटत्या वजनाबरोबर भरलेली चरबीही आटते. वजन स्थिर होईपर्यंत दुरुस्ती पुढे ढकलावी, हा सल्ला त्यामुळे दोन्हीकडे लागू पडतो.

गाठी आणि संसर्ग

तेलाची मोठी गाठ सुईने रिकामी करता येते; तिचे कवच जाड झाले असेल तर ती काढावी लागते. घट्ट, दाहयुक्त गाठींत ट्रायमसिनोलोन हे स्टेरॉइड थोड्या मात्रेत टोचले जाते. त्याने गाठ मऊ होते. पण मात्रा चुकली तर त्वचा पातळ होते आणि गव्हाळ-सावळ्या रंगावर पांढुरका चट्टा उठून दिसतो. मालिश केल्याने गाठी जातात हा समज मात्र फारसा टिकत नाही.

स्टेरॉइडपूर्वी एक खबरदारी सगळे सांगतात. काही आठवड्यांनी किंवा महिन्यांनी लाल, दुखरी, वाहणारी गाठ आली तर क्षयरोगाच्या जंतूंच्या कुळातले, पण क्षय न करणारे मायकोबॅक्टेरिया मनात धरावे लागतात. नेहमीची अँटिबायोटिक्स त्यांच्यावर चालत नाहीत, उपचार महिनोन्‌महिने घ्यावे लागतात, आणि अशा गाठीत स्टेरॉइड टोचले तर जंतूंना मोकळे रान मिळते. गाठीतले द्रव किंवा तुकडा आधी तपासणीला पाठवणे हाच यावरचा उपाय.

एका दुष्परिणामाची दुरुस्ती जवळजवळ नाही. चरबीचा कण रक्तवाहिनीत शिरून डोळ्याच्या धमनीत अडकला तर दृष्टी जाते. २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या एका जागतिक आढाव्यात फिलर किंवा चरबी टोचल्यानंतर अंधत्व आलेल्या ९८ व्यक्तींची नोंद होती. त्यांतल्या जवळपास निम्म्या जणांत कारण स्वतःची चरबी हे होते. दोन भुवयांमधली जागा त्यात सर्वांत धोक्याची ठरली. दुरुस्तीसाठी पुन्हा चरबी टोचतानाही हाच धोका असतो, आणि व्रणामुळे रक्तवाहिन्या जागेवर जखडलेल्या असल्याने तो कमी झाला आहे असे मानता येत नाही.

मूलपेशींचे आश्वासन आणि कायद्याची चौकट

चरबीतही मूलपेशी असतात, हे २००१ साली पॅट्रिशिया झुक आणि सहकाऱ्यांनी दाखवले. त्यानंतर मूलपेशींची जोड देऊन चरबी जास्त टिकवण्याचे प्रयोग सुरू झाले. २०१३ साली बेल्जियमच्या पॅट्रिक टोनार्ड यांनी चरबी सिरिंजमधून घुसळून, गाळून केलेली ‘नॅनोफॅट’ मांडली. तिच्यात अखंड चरबीपेशी जवळजवळ नसतात, म्हणून ती फुगवटा देत नाही. त्वचेचा पोत आणि व्रण सुधारण्यासाठी ती वापरतात. दुरुस्तीच्या कामात तिला जागा आहे, विशेषतः पापणीच्या पातळ त्वचेखाली. मूलपेशींनी चरबी खात्रीने जास्त टिकते, हा दावा मात्र सिद्ध झालेला नाही; अभ्यासांचे निष्कर्ष दोन्ही बाजूंचे आहेत.

भारतात २०१९च्या ‘नवी औषधे व वैद्यकीय चाचणी’ नियमांनुसार, ज्या मूलपेशींवर किमान प्रक्रियेपेक्षा अधिक काम केले आहे, त्यांपासून बनलेले उत्पादन ‘नवे औषध’ ठरते. ‘स्टेम सेल फेशियल’ अशी पाटी दिसली तर ग्राहकाने हा फरक ध्यानात ठेवावा.

संमतीचा मुद्दाही दुरुस्तीला थेट भिडतो. समीरा कोहली खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २००८ साली स्पष्ट केले की एका प्रक्रियेसाठी दिलेली संमती, जिवावर बेतलेले नसेल तर, दुसऱ्या प्रक्रियेला लागू होत नाही. दुरुस्तीची शस्त्रक्रिया ही स्वतंत्र शस्त्रक्रिया आहे. तिचे धोके नव्याने समजावून संमती घ्यावी लागते. आरोग्य विमा सौंदर्यासाठीच्या शस्त्रक्रियेला सहसा लागू नसल्याने खर्चाचा भार बहुधा रुग्णावरच पडतो. पहिल्या सर्जनने तो किती उचलावा, याची सर्वमान्य प्रथा नाही.

काय अजून ठरलेले नाही

पहिली उणीव मोजमापाची. काही अभ्यास त्रिमितीय छायाचित्रांनी घनफळ मोजतात, काही एमआरआयने, काही केवळ सर्जनच्या नजरेने. रुग्णाचे समाधान मोजणाऱ्या फेस-क्यू यांसारख्या प्रश्नावल्या आल्या आहेत, पण दुरुस्तीच्या रुग्णांत त्यांचा वापर तुरळक आहे. घनफळ बरोबर आणि रुग्ण नाराज, किंवा घनफळ कमी आणि रुग्ण खूश, असे दोन्ही घडते. मग यश कशाला म्हणायचे, हे आधी ठरायला हवे.

दुसरी उणीव वर्गीकरणाची. ‘जास्त झाली’ म्हणजे किती, ‘गाठ’ कशाला म्हणायचे, याची सर्वमान्य व्याख्या नसल्यामुळे दोन रुग्णालयांचे आकडे शेजारी ठेवून वाचता येत नाहीत. तिसरी उणीव काळाची. वीस-तीस वर्षांनी, त्वचा आणखी सैल झाल्यावर, तरुणपणी भरलेली चरबी कशी दिसेल? पूर्व आशियात विशीतच चेहरा भरून घेण्याची पद्धत रूढ झाली आहे. या प्रश्नाचे उत्तर कदाचित तिथूनच येईल. चौथी उणीव न सांगितलेल्या अपयशांची. दुरुस्तीसाठी रुग्ण बहुधा दुसऱ्या सर्जनकडे जातो. पहिल्याच्या नोंदीत तो समाधानीच राहतो.

आजचा निष्कर्ष

चरबी कमी पडली असेल तर दुरुस्तीचा मार्ग बऱ्यापैकी मळलेला आहे: थांबा, मोजा, थोडी भरा. जास्त झाली असेल तर पापणीत उघडून काढणे आणि इतरत्र जपून ओढणे याला अनुभवाचा आधार आहे. विरघळवण्याला अजून पुरेसा नाही. गाठींच्या बाबतीत आधी तपासणी, मग उपचार, हा क्रम मोडू नये. आणि पहिल्याच वेळी हात आखडता ठेवणे ही सर्वांत स्वस्त दुरुस्ती आहे, यावर तिन्ही मार्गांचे पुरस्कर्ते एकत्र येतात.

दुरुस्तीचा विचार करणाऱ्या वाचकाने सोबत तीन गोष्टी न्याव्यात: शस्त्रक्रियेपूर्वीची छायाचित्रे, कुठे किती मिलिलिटर चरबी भरली याची पहिल्या रुग्णालयातली लेखी नोंद, आणि आधी टोचलेल्या सर्व फिलर्सची यादी. ही नोंद मागणे हा रुग्णाचा हक्क आहे. ती न पाहता, चेहरा हाताने न चाचपता, त्याच दिवशी इंजेक्शन द्यायला जो तयार होतो, त्याच्याकडून उठून दुसरे मत घ्यावे.